हत्यार कशावर बसवावे?



वसंत व्याख्यानमाला म्हटली, की श्रोते मोठ्या विषयाच्या अपेक्षेने येतात. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात ही प्रथा पाडली, तेव्हापासून ह्या व्यासपीठांवर राज्यकारभार, धर्म, वाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय मांडले गेले. आम्ही आज वीतभर लांबीच्या एका हत्याराविषयी बोलणार आहोत. आणि त्या हत्याराविषयी तरी कोठे, ते कशावर बसवावे एवढ्याचविषयी बोलणार आहोत. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु संघटनेचे काम करताना आम्हांस असे आढळले, की मोठे प्रश्न सभेत सुटतात आणि घरी गेल्यावर अशा क्षुल्लक गोष्टींपाशी पुन्हा अडतात.

हत्याराचे नाव व्हाइस. दोन जबडे, त्यांना जवळ आणणारा एक स्क्रू आणि तो फिरवण्याची दांडी. काम जबड्यात घट्ट धरले, की कारागिराचे दोन्ही हात मोकळे होतात. एका हाताने वस्तू धरायची आणि दुसऱ्याने घडवायची, ही अडचण ह्या लोखंडी तिसऱ्या हाताने दूर केली. विलायतेत मासे धरण्याच्या गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात. पूर्वी तो गळ चिमटीत धरूनच माशी बांधीत. मग नाजूक जबड्याचा व्हाइस आला. आज केनियात अशा माश्या परदेशी पाठवण्यासाठी बांधणारे कारागीर आहेत, आणि मालाची मोजणी डझनावर होते. त्या धंद्यातही नवशिक्याला पहिला प्रश्न पडतो तो हाच : व्हाइस टेबलाच्या कडेला आवळायचा, की जड बैठकीचा घेऊन नुसता पुढ्यात ठेवायचा?

आमच्या डहाणूत माश्या बांधीत नाहीत, परंतु हा प्रश्न घरोघर आहे. चिंचणी, वरोर, वाणगाव ह्या बाजूला दागिन्यांचे साचे कोरण्याचा धंदा आहे. लोक त्याला डायमेकिंग म्हणतात. पोलादाच्या छोट्या ठोकळ्यावर छिन्नी, हातोडी आणि कानस चालवून पाने, फुले, मोर, मण्यांच्या वाट्या अशी नक्षी उलटी कोरायची. सोन्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा त्या साच्यावर दाबला, की नक्षी उठते. ज्या दागिन्याची सोनाराच्या दुकानात वाहवा होते, त्याची पहिली रेघ पुष्कळदा एखाद्या पडवीत, विजेच्या एका दिव्याखाली ओढलेली असते. ती ओढताना पोलादाचा ठोकळा केसभर हलला, तर मोराची मान वाकडी होते आणि दोन दिवसांचे काम भंगारात जाते.

डहाणूत असा घरगुती धंदा टिकण्याला आणखी एक कारण आहे. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून सबंध डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. तालुक्यातील उद्योगांना मिळून जास्तीत जास्त 500 एकर जागा, अशी मर्यादा घातली. बागा, किनारा आणि जंगल राखण्यासाठी ते योग्यच होते. परंतु मोठे कारखाने येणार नाहीत म्हटल्यावर हाताला काम हवे त्याने एकतर उंबरगावची किंवा बोईसरची गाडी पकडावी, नाहीतर घरातच कारखाना मांडावा. घरात कारखाना मांडला, की कारखान्याच्या मालकाने सोडवायचे प्रश्न कारागिराच्या गळ्यात येतात. जागा कोणती, उजेड किती, बसायचे कसे आणि हत्यार कशावर रोवायचे, हे सारे त्याचे त्यानेच पाहायचे.

आता हत्यार बसवण्याचे प्रकार किती? पुस्तके उघडण्याची गरज नाही. आपल्या स्वयंपाकघरात डोकावले, की चारही प्रकार दिसतात. पहिले जाते. ते कशालाही बांधलेले नसते. स्वतःच्या वजनाने जागच्या जागी राहते. दुसरे उखळ. ते जमिनीत पुरलेले असते. मुसळाचा घाव सरळ भुईत जातो. तिसरे शेवयांचे यंत्र. ते टेबलाची किंवा पाटाची कड चावून बसते. काम झाले, की सोडवून फडताळात. चौथी विळी. तिच्या पाटावर बाई स्वतः पाय ठेवून बसते. तिच्या अंगाचे वजन हेच विळीचे बूड. ज्या कोणी ह्या चार वस्तू प्रथम घडवल्या, त्यांनी यंत्रशास्त्र शिकले नव्हते. परंतु कोणत्या कामात जोर कोणत्या दिशेने जातो, हे त्यांना आमच्याहून चांगले कळत होते.

व्हाइसचेही हेच आहे. साचा कोरणाऱ्याच्या कामात तीन तऱ्हेचे जोर येतात. हातोडीचा घाव खाली जातो. कानशीचा रेटा आडवा जातो. आणि स्क्रू आवळताना पीळ बसतो. जी बैठक तिन्ही जोर सोसते ती चांगली.

कड चावणारा, म्हणजे क्लॅम्पचा व्हाइस आडवा रेटा आणि पीळ उत्तम सोसतो. तो हलका असतो, स्वस्त पडतो, आणि जबडा टेबलाच्या बाहेर आलेला असल्यामुळे हात चोहोबाजूंनी फिरतो. परंतु त्याची ताकद त्याची स्वतःची नव्हे, टेबलाची. फळी पातळ असेल, तर घावागणिक ती झुलते आणि घावाचा जोर पोलादात न जाता फळीत जातो. म्हणून तो फळीच्या मध्यावर कधीही लावू नये. टेबलाच्या पायाच्या अगदी वर लावावा, म्हणजे घाव पायातून जमिनीत उतरतो. फळीच्या खाली आणि वर लाकडाचा एकेक तुकडा द्यावा, म्हणजे कड चेचत नाही आणि पकडही सुटत नाही.

जड बैठकीचा व्हाइस कोठेही नेता येतो. उजेड ओटीवर असेल तर ओटीवर, पाऊस आला तर माजघरात. दोऱ्याच्या आणि पिसांच्या कामाला तो पुरतो, कारण तेथे जोर बोटांचा. पण छिन्नी-हातोडीला दोन-तीन किलोची बैठक अपुरी पडते. ती सरकते, आणि जबडा बैठकीच्या बाहेर आलेला असेल तर कलंडते. त्यावर आमच्या भागातील एका वृद्ध कारागिराने आम्हांस सोपा उपाय दाखवला. तेलाचा 15 लिटरचा रिकामा डबा, त्यात खडी-सिमेंट-वाळू आणि वर काँक्रीटमध्ये रोवलेले चार बोल्ट. डबा पुरता भरला, तर वजन 35 किलोच्या आसपास जाते. अर्धा भरला तर त्याच्या निम्मे. तळाला गोणपाटाची घडी. भाड्याच्या खोलीत हा प्रकार विशेष सोयीचा. कारण घरमालकाच्या फरशीला भोक पडत नाही आणि खोली सोडताना डबा आपल्याबरोबर येतो.

तिसरा प्रकार बोल्टाने आरपार आवळण्याचा, आणि त्याचाच थोरला भाऊ म्हणजे लोहाराच्या भात्यापुढचा लांब पायाचा व्हाइस, ज्याचा पाय जमिनीला टेकलेला असतो. घाव सोसण्यात ह्याची बरोबरी कोणी करीत नाही. परंतु एकदा बसवला, की जागा ठरली, उंची ठरली, उजेडाची दिशा ठरली. ज्याला स्वतःची जागा आहे त्यानेच हा प्रकार पत्करावा.

आता उंची. ह्या एका बाबतीत आमचे कारागीर सर्वांत जास्त नुकसान सोसतात. व्हाइस ज्या टेबलावर बसला ती टेबलाची उंची, आणि टेबल मिळाले तसे. मग माणूस टेबलाच्या मापाने वाकतो. खरा नियम असा, की जोराचे काम कोपराच्या खाली असावे, म्हणजे खांद्याचे वजन कामी येते. आणि बारीक नजरेचे काम कोपराच्या 5 ते 10 सेंटिमीटर वर असावे, म्हणजे डोळे कामाकडे नेण्यासाठी मान मोडावी लागत नाही. माप घेण्यास खडूचा तुकडा पुरे. रोज ज्या बैठकीत बसता तसे भिंतीला लागून बसा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि कोणाला तरी कोपराशी भिंतीवर रेघ ओढायला सांगा. ही रेघ तुमची. ती दुकानदाराला ठाऊक नसते, व्यापाऱ्याला ठाऊक नसते, आणि शेजाऱ्याची रेघ तुम्हांस चालत नाही.

येथवर आम्ही सांगितले ते ऐकून कोणास वाटेल, की ही माणसे ह्या विषयात मुरलेली आहेत. तसे नाही. आम्ही हे चुकून शिकलो, आणि ती चूक सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी तलासरीकडील काही आदिवासी मुले साच्याचे काम शिकू लागली. कानस आणि छिन्नी त्यांच्या हातात चांगली बसली. शिकून झाल्यावर घरी काम करता यावे, म्हणून आम्ही वर्गणी गोळा केली आणि प्रत्येकास एकेक व्हाइस घेऊन दिला. सर्वांना सारखा द्यावा, भेदभाव नको, असा आमचा बाणा. क्लॅम्पचा स्वस्त पडत होता, तो घेतला. छोटा समारंभ केला, भाषणे केली, टाळ्या झाल्या. दोन महिन्यांनी आम्ही पाड्यावर गेलो, तर एका घरात तो व्हाइस आढ्याला टांगलेल्या पिशवीत होता. आम्ही जरा रागावूनच विचारले, "का रे बाळा, काम सोडलेस?" मुलगा खाली मान घालून म्हणाला, "नाय काका. पण तो चावायचा कशाला? आमच्याकडं टेबल कुठं आहे?"

आम्ही घर पाहिले. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात चूल, वर कणगी. सबंध घरात कड असलेली एकही फळी नव्हती. आम्ही तीस वर्षे ह्या लोकांच्या घरी जात-येत होतो, त्यांच्या भुईवर बसून भाकरी खाल्ली होती. आणि तरीही हत्यार निवडताना आमच्या डोळ्यांपुढे आमच्याच कचेरीतले टेबल होते. समानता म्हणजे सर्वांना सारखी वस्तू, असे आम्ही समजत होतो. ती वस्तू प्रत्येकाच्या घरी सारखीच उपयोगी पडेल काय, हे विचारायला आम्ही विसरलो.

उपाय आमच्यापैकी कोणी काढला नाही. त्या मुलाच्या आजीने काढला. तिने उखळाकडे बोट दाखवून विचारले, "ते कसं उभं राहिलंय, भाऊ?" मग ऐनाच्या लाकडाचा एक जाड खुंट आणला. हात दीड हात खोल खड्डा खणून त्यात तो उभा केला, भोवती दगड आणि माती ठेचून बसवली. मुलाला पाटावर बसवून भिंतीवर कोपराची रेघ ओढली. जबडा त्या रेघेच्या चार बोटे वर येईल अशा बेताने खुंट कापला. व्हाइसचा क्लॅम्प खुंटाला चावणार नाही, म्हणून वरच्या टोकाला एक जाड फळी आरपार बोल्टाने आवळली आणि तिची कड खुंटाबाहेर चार बोटेच ठेवली, म्हणजे ती झुलू नये. हातोडीचा पहिला घाव पडला, तेव्हा खुंट मुळीच हलला नाही. खर्च म्हणाल, तर दोन बोल्ट आणि एक दिवस. परंतु त्या एका दिवसाची मजुरी कोणी दिली? कोणीही नाही.

येथे आमचा विषय हत्यारावरून हक्कावर येतो.

ह्याच तलासरीतील झरी गावी 23 मे 1945 रोजी वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर तेथे होते. वेठ करणार नाही, लग्नगड्याची गुलामगिरी मानणार नाही, असे तेथे ठरले. त्याच वर्षी गवत कापणीचा हंगाम आला, तेव्हा मागणी होती 500 पौंड गवताला अडीच रुपये. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती मरण पावले. नगावर किंवा वजनावर दर ठरवण्याची किंमत ह्या भूमीने अशी मोजली आहे. म्हणून दर ह्या शब्दाकडे आम्ही हलकेपणाने पाहू शकत नाही.

दर वजनावर ठरला, म्हणजे विळ्याला धार लावण्यात जाणारा वेळ मजुराच्या पदरचा. दर नगावर ठरला, म्हणजे खुंट पुरण्याचा दिवस, दिव्याची वीज, कानस झिजल्यावर नवी आणण्याची फेरी, सकाळी व्हाइस लावण्याचा आणि संध्याकाळी जेवणासाठी जागा मोकळी करताना तो काढण्याचा वेळ, सारे कारागिराच्या पदरचे. हा वेळ हिशेबात कोठेच दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे सर्व धरून चालतात.

जगात हा हिशेब कोणीच केला नाही, असे नव्हे. आपल्या देशात 1966 साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, हे त्याने मान्य केले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. अहमदाबादेत 1972 साली इला भट्ट यांनी सेवा ही संघटना उभारली आणि घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न जगापुढे नेला. 1996 साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून केलेल्या कामाविषयीचा 177 क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. त्या कराराबरोबर 184 क्रमांकाची शिफारस आहे, आणि तिच्यात आमच्या विषयाचे सार आले आहे. घरी काम करणाऱ्यास विजेचा, पाण्याचा आणि यंत्राच्या देखभालीचा खर्च मिळावा. आणि हत्यारे बदलण्यात, यंत्र राखण्यात, माल उघडण्यात-बांधण्यात जाणाऱ्या वेळेचाही मोबदला मिळावा. जिनिव्हात बसलेल्या मंडळींना जो वेळ दिसला, तो आपल्या शेजारच्या पडवीतला असूनही आम्हांस दिसत नव्हता.

व्यापारी यावर म्हणतात, "हा कामगार नव्हे, हा स्वतंत्र कारागीर. आपल्या घरात, आपल्या हत्याराने, आपल्या मर्जीने काम करतो." ह्यात अर्धे सत्य आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. डहाणूचे कित्येक कारागीर आपली नक्षी आपणच रचतात, आपणच विकतात. त्यांना कोणाचा नोकर म्हटलेले आवडणार नाही. त्यांच्या ह्या स्वाभिमानाला आमचा नमस्कार आहे. परंतु स्वतंत्र माणसानेही आपल्या मालाची किंमत काढताना हा खर्च धरायलाच हवा. दुकानदार दुकानाचे भाडे किमतीत धरतो, आणि त्याला कोणी लबाड म्हणत नाही. मग कारागिराने खुंटाची, दिव्याची आणि दुखऱ्या मानेची किंमत का सोडून द्यावी? आता संगणकावर चालणारी यंत्रे साचे कापू लागली आहेत. यंत्र घेणारा त्याचा पाया, त्याची वीज, त्याची झीज पैशापैशाने मोजतो. हाताने काम करणारा आपली झीज मोजत नाही, म्हणून तो स्वस्त वाटतो. आणि स्वस्त वाटतो म्हणूनच त्याची झीज अधिक होते.

तेव्हा जे तरुण ह्या धंद्यात येत आहेत, त्यांना आमचे सांगणे थोडक्यात असे. व्हाइस विकत घेण्यापूर्वी दुकानात जाऊ नका, घरात फिरा. जमीन मातीची की फरशीची? घर स्वतःचे की भाड्याचे? त्याच जागेवर रात्री अंथरूण पडते काय? उजेड कोणत्या बाजूने येतो? काम घावाचे अधिक की कानशीचे? मातीची जमीन आणि स्वतःचे घर असेल, तर खुंट पुरा. भाड्याची खोली असेल, तर काँक्रीटचा डबा करा. मजबूत टेबल असेल, तर क्लॅम्प घ्या आणि तो टेबलाच्या पायावर लावा. दोऱ्याचे, तारेचे, मण्यांचे हलके काम असेल, तर हलकी बैठकही पुरेल. आणि काहीही निवडले, तरी भिंतीवरची रेघ आधी ओढा.

मग वहीच्या एका पानावर चार ओळी लिहा : हत्याराचा खर्च, ते बसवण्याचा खर्च, दिव्याचा खर्च, आणि लावण्या-काढण्यात रोज जाणारा वेळ. पुढच्या वेळी दर ठरवायला बसाल, तेव्हा ते पान बरोबर असू द्या. आम्ही संघटनेचे लोक तुमच्या शेजारी बसू. पण ते पान आमच्याजवळ नाही, ते तुमच्याच घरात तयार होते. आम्ही ते तुमच्याकरिता लिहायला गेलो, तेव्हा काय झाले हे तुम्ही आताच ऐकले.

त्या पाड्यावरचा खुंट अजून उभा आहे. मुलगा त्यावर काम करतो, आणि त्याची धाकटी बहीण त्याच जागी बसून वाट्या कोरायला शिकली आहे. तिचे कोपर भावापेक्षा खाली येते. म्हणून तिने आपल्या पाटाखाली एक दुसरा पाट घातला. भिंतीवर आता दोन रेघा आहेत. हे तिला कोणी सांगितले नव्हते.